वृद्धाश्रमाचा महिना भागवायचा कसा

मावशीच्या पहिल्या बिलात सात ओळी होत्या. फोनवर आम्हाला सांगितली होती ती एकच: महिना साडेनऊ हजार. बाकीच्या सहा ओळींत कूलरचं भाडं, रात्रीचे डायपर, औषधं, कपड्यांची धुलाई, डॉक्टरांची फेरी आणि ‘इतर’ नावाचे दोनशे रुपये होते. बेरीज ११,५३०. यात लबाडी काहीच नव्हती. प्रत्येक गोष्ट खरोखर दिलेली होती, आम्हीच विचारलं नव्हतं. मी सत्तावीस वर्षं बँकेत काढलेला माणूस, दुसऱ्यांच्या कर्जाचे कागद ओळ न् ओळ वाचणारा. घरचा कागद मात्र न वाचता खिशात घातला.

मावशी ७६ वर्षांची, जिंतूर तालुक्यातल्या गावात राहणारी, मूलबाळ नाही. मावसाजी जाऊन नऊ वर्षं झाली. साडेतीन एकर कोरडवाहू रान, दोन पुतणे ते बटईनं करतात. आम्ही दोघे भाऊ भाचे, एक परभणीत, एक पुण्यात. आता ती छत्रपती संभाजीनगरच्या बाहेर एका ट्रस्टच्या वृद्धाश्रमात आहे. हे सगळं जमवताना जे कळलं ते पायरीपायरीनं लिहितोय. ज्यांच्यावर ही वेळ पहिल्यांदाच आली आहे, त्यांच्यासाठी.

पहिली पायरी: ज्याचं त्याला विचारा

गावात अजूनही ‘आश्रमात टाकलं’ असंच म्हणतात. ‘ठेवलं’ नाही, ‘टाकलं’. त्या शब्दापायी कितीतरी घरं दोन-दोन वर्षं निर्णय लांबवतात, आणि मग पडझड झाल्यावर, दवाखान्यातून सुट्टी मिळालेल्या दिवशी घाईनं मिळेल त्या ठिकाणी नेतात. घाईत फीची घासाघीस होत नाही आणि जागेची पारखही होत नाही.

आम्ही मावशीला सरळ विचारलं. ती आधी गप्प बसली. मग म्हणाली, “किती घ्यायलेत रे महिन्याला?” दुसरा प्रश्न, “ते पैशे कोणाचे?” पुढचं सगळं या दोन प्रश्नांवरच चालतं. तिचे पैसे असतील तर ती तिथं पाहुणी नाही, पैसे भरून राहणारी बाई आहे. आम्ही ठरवलं, जमेल तितकं तिच्याच पैशातून, तिच्याच खात्यातून जाईल.

घरीच बाई ठेवून भागतंय का, हेही एकदा पाहून घ्या. परभणीत आम्हाला बारा तासांच्या बाईचे बारा हजार सांगितले. रात्रीचं वेगळं, जेवण वेगळं. शिवाय बाई आली नाही त्या दिवशी काय करायचं, याचं उत्तर कुणाकडे नव्हतं.

दुसरी पायरी: कुठल्या प्रकारची जागा हवी

ढोबळमानानं तीन प्रकार. पहिला सरकारी किंवा अनुदानित. ज्याला कुणी नाही, हातात काही नाही, त्याच्यासाठी. राज्यात १९९५ साली मातोश्री वृद्धाश्रमांची योजना आली. केंद्राच्या अटल वयो अभ्युदय योजनेतूनही संस्थांना निराधार ज्येष्ठांसाठी वृद्धाश्रम चालवायला अनुदान मिळतं. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात प्रत्येक जिल्ह्यात किमान दीडशे निराधार ज्येष्ठांची सोय होईल अशा वृद्धाश्रमाची तरतूद आहे. तुमच्या जिल्ह्यात नेमकं काय चालू आहे आणि जागा आहे का, हे समाज कल्याणच्या सहायक आयुक्त कार्यालयात विचारायचं. तिथं जाणं जमत नसेल तर १४५६७ या एल्डरलाइनवर सकाळी आठ ते रात्री आठ फोन करा. फोन फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं.

दुसरा प्रकार ट्रस्टचे सशुल्क वृद्धाश्रम. आपल्याकडच्या मध्यमवर्गाची बहुतेक माणसं इथंच येतात. तिसरा खासगी, नर्सिंगची सोय असलेला. पक्षाघात झालेला, नळीनं जेवण चालू असलेला, स्मृतिभ्रंश वाढलेला माणूस असेल तर सरळ तिसऱ्याकडेच जा. ट्रस्टच्या बऱ्याच ठिकाणी ‘चालते-फिरते’ हीच प्रवेशाची अट असते.

तिसरी पायरी: फी फोडून घ्या

इथं वेळ घालवा. वही-पेन घेऊनच जा आणि समोरच्या माणसाकडून एकेक आकडा लिहून घ्या.

*अनामत.* बहुतेक ठिकाणी सुरुवातीला एकरकमी पैसे घेतात. त्यातले किती परत मिळणार, केव्हा मिळणार आणि कुणाच्या नावावर मिळणार, हे तीन प्रश्न. आणि चौथा, सगळ्यात महत्त्वाचा: पावतीवर काय लिहिणार? आम्ही आधी एका दुसऱ्या संस्थेत जागा धरून ठेवायला पंचवीस हजार भरले होते. तोंडी ‘अनामत’ म्हणाले. पावती आली ती ‘ऐच्छिक देणगी’ अशी. पुढे मावशीच्या खुब्याचं दुखणं निघालं, तिथल्या जिन्याची अडचण झाली, आम्ही जागा सोडली. पैसे मागितले तर लिपिकानं शांतपणे पावतीवर बोट ठेवलं. देणगी परत मागता येत नाही. आणि उलट बाजूनंही सांगतो: महिन्याच्या फीवर देणगीची पावती देऊन ‘आयकरात सवलत घ्या’ असं कुणी सांगितलं तर भुलू नका. मोबदला म्हणून दिलेला पैसा देणगी होत नाही.

*महिन्याची फी.* यात काय आहे यापेक्षा काय नाही ते विचारा. दोन वेळचं जेवण, चहा, नाश्ता सहसा असतं. दूध? सांजेला फळ? पथ्याची भाकरी? मावशीला ज्वारीची भाकरी लागते, पोळीनं तिचं पोट भरत नाही. तिथं भाकरी फक्त रात्री असते हे राहायला गेल्यावर कळलं. पैशाचा प्रश्न नव्हता, पण फी देताना माणूस जेवणाचं विचारतो ते ‘चांगलं आहे ना’ एवढंच. काय असतं, कधी असतं, हे विचारत नाही.

*वरचा खर्च.* डायपर, औषधं, रक्ततपासणी, फिजिओथेरपी, डॉक्टरची फेरी, दवाखान्यात नेण्याची गाडी, केस कापणं, धुलाई. मराठवाड्यात आणखी एक, कूलर. एप्रिल-मेमध्ये पारा बेचाळिशीला टेकतो, कूलरशिवाय म्हातारं माणूस राहू शकत नाही. काही ठिकाणी त्याचं वीजबिल वेगळं लावतात. चार महिन्यांचं असलं तरी हिशेबात धरा.

*अवस्था बदलली तर.* हा प्रश्न कुणी विचारत नाही, कारण विचारायला जीभ वळत नाही. आज चालणारा माणूस उद्या वॉकरवर येतो, परवा अंथरुणाला खिळतो. तेव्हा फी किती होते? की तेव्हा ‘तुम्ही घेऊन जा’ म्हणतात? मावशीच्या ठिकाणी तीन दर आहेत: स्वतः चालणारे, आधारानं चालणारे, अंथरुणावरचे. पहिल्या आणि तिसऱ्या दरात साडेसहा हजारांचा फरक. त्यावर डायपर. एका डायपरचे चाळीस रुपये धरले आणि दिवसाला तीन लागले तरी महिन्याचे छत्तीसशे होतात. म्हणजे आजच्या ११,५३० चे उद्या वीस-एकवीस हजार होऊ शकतात. फी परवडते का, हे ठरवताना आजचा नाही, हा आकडा समोर ठेवा. मी सांगतो यातलं एकच लक्षात ठेवायचं म्हटलं तर हे ठेवा.

*दरवाढ आणि गैरहजेरी.* वर्षाला किती टक्के वाढ, कोणत्या महिन्यात. पंधरा दिवस दवाखान्यात असेल तर त्या दिवसांची फी कापतात का, की खाट धरून ठेवल्याचे पैसे घेतात. दिवाळीला घरी नेलं तर? मावशीच्या ठिकाणी जेवणाचे पैसे वळते करतात, खोलीचे नाही. हे ठीक वाटतं मला.

जीएसटीचं थोडक्यात: नोंदणीकृत धर्मादाय संस्थेच्या वृद्धाश्रमात साठीपुढच्या माणसासाठी राहणं, जेवण, देखभाल धरून दरमहा २५,००० रुपयांपर्यंतच्या आकारणीला जीएसटी माफ आहे. अशा ठिकाणी बिलावर कर दिसला तर आधी हे विचारा.

चौथी पायरी: न सांगता एकदा जाऊन या

पहिली भेट कळवून, दुसरी न कळवता. दुसरी शक्यतो संध्याकाळी सातच्या पुढं, कारण रात्री तिथं किती माणसं कामाला आहेत हे दिवसा दिसत नाही. वास घ्या. न्हाणीघरात आधाराचा दांडा आहे का पाहा. आणि पाण्याचं विचारा. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं, तो उन्हाळा आपण कुणी विसरलेलो नाही. बोअर आहे का, टँकर लागतो का, टँकरचा खर्च राहणाऱ्यांवर वाटतात का. मी विचारलं तेव्हा व्यवस्थापक हसला, पण उत्तर नीट दिलं.

संस्थेची नोंदणी धर्मादाय आयुक्तांकडे आहे का, नोंदणी क्रमांक काय, हे लिहून घ्या. चांगली संस्था स्वतःहून भिंतीवर लावते.

अंतर हीसुद्धा फीच आहे. फक्त ती तुमच्या खिशातून जाते. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एस.टी. फुकट आहे (२०२२ च्या ऑगस्टपासून), त्यामुळे मावशीला गावी आणायचं तर तिचं तिकीट लागत नाही, माझंच लागतं. ती हे दर वेळी कंडक्टरला ऐकवते.

पाचवी पायरी: पैसा कुठून

आता मावशीचा हिशेब मांडतो. तुमचे आकडे वेगळे असतील, मांडणी हीच.

मावसाजींनी गावठाणात घेतलेला एक प्लॉट विकून तिला आठ लाख आले होते. ते पोस्टातल्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत टाकले. व्याज ८.२ टक्के. एप्रिल २०२३ पासून हा दर आहे. सरकार दर तिमाहीला दर जाहीर करतं, पण ज्या दिवशी खातं उघडलं त्या दिवसाचा दर पाच वर्षं तुमचा. कमाल मर्यादा ३० लाख. आठ लाखांवर तिमाहीला १६,४०० रुपये मिळतात, म्हणजे महिन्याला ५,४६७ च्या आसपास. ध्यानात घ्या, व्याज एप्रिल, जुलै, ऑक्टोबर आणि जानेवारीच्या एक तारखेला जमा होतं आणि वृद्धाश्रमाची फी दर महिन्याच्या पाच तारखेला जाते. मधले दोन महिने खात्यात पैसे राहिले पाहिजेत. नाहीतर आपणच व्याजाचे आले म्हणून काढून बसतो. दरमहा व्याज हवं असेल तर पोस्टाची मासिक उत्पन्न योजना आहे, दर कमी आणि एका नावावर नऊ लाखांची मर्यादा.

जमीन तिच्या नावावर आहे म्हणून पीएम किसानचे वर्षाला सहा हजार आणि नमो शेतकरीचे सहा हजार. महिन्याला हजार धरा. ई-केवायसी अडली तर हप्ता अडतो, आणि म्हाताऱ्या माणसाचे बोटांचे ठसे मशीनवर उठत नाहीत. आमची दोन हेलपाट्यांनंतर चेहरा दाखवून झाली.

बटईचा हिस्सा. सोयाबीन-तूर मिळून खर्च वजा जाता तिच्या वाट्याला गेल्या वर्षी पस्तीस हजार आले. महिन्याला २,९१७. पण हे पैसे दिवाळीच्या आगेमागे एकदाच येतात, आणि पावसानं दगा दिला तर येतही नाहीत. म्हणून मी ते महिन्याच्या फीत धरतो पण भरवसा ठेवत नाही. काही संस्था शेतकरी घरांना सहा महिन्यांची फी एकदम, सुगीनंतर भरू देतात. विचारायला लाजू नका. मावशीच्या संस्थेनं आम्हाला तशी सूट देऊ केली.

बेरीज: ५,४६७ अधिक १,००० अधिक २,९१७, म्हणजे ९,३८४. खर्च ११,५३०. तूट २,१४६. ही तूट दोन पुतणे आणि आम्ही दोघे भाचे भरतो, माणशी साडेपाचशेच्या आत.

श्रावणबाळ योजनेचे दरमहा १,५०० रुपये असतात. ६५ वर्षं पूर्ण आणि कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१,००० च्या आत लागतं, अर्ज तहसीलच्या संजय गांधी शाखेत. मावशी उत्पन्नाच्या अटीत बसली नाही. तुमचं माणूस बसत असेल तर सोडू नका, पंधराशे रुपयांत महिन्याची औषधं निघतात. पेन्शनर असेल तर नोव्हेंबरमधला हयातीचा दाखला चुकवू नका. गाव सोडल्यावर बँकेची शाखा लांब जाते आणि जानेवारीत पेन्शन का आली नाही याचा शोध सुरू होतो.

औषधपाण्यासाठी वेगळी तजवीज. सत्तरीपुढच्या कुणालाही, उत्पन्न न पाहता, आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं. कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार. आधारवरून निघतं. ते काढून वृद्धाश्रमाच्या फाइलमध्ये एक प्रत ठेवा. रात्री दोनला दवाखान्यात न्यायची वेळ आली तर कार्ड तुमच्या कपाटात असून काय उपयोग?

एक सावधगिरी. जास्त व्याजाच्या आशेनं म्हातारपणचा पैसा पतसंस्थेत किंवा मल्टिस्टेटमध्ये, म्हणजे अनेक राज्यांत चालणाऱ्या सहकारी पतसंस्थेत, ठेवू नका. बीड-संभाजीनगरकडे गेल्या काही वर्षांत ठेवीदारांच्या रांगा आपण पाहिल्यात. बँकेतल्या ठेवीला, सहकारी बँकसुद्धा, पाच लाखांपर्यंत विमा असतो. पतसंस्थेच्या ठेवीला तो नसतो. नोकरीतल्या शेवटच्या वर्षांत अशी माणसं माझ्या काउंटरवर आलेली आहेत. त्यांना सांगण्यासारखं माझ्याकडे काही नसायचं.

घर गहाण ठेवून दरमहा पैसे घेण्याची रिव्हर्स मॉर्गेज नावाची सोय बँकांकडे आहे, कुणीतरी सुचवेलच. तिला स्वतःचं राहतं घर लागतं. कायमचं वृद्धाश्रमात गेलात तर कर्ज परतफेडीला येऊ शकतं. शेतजमिनीवर ती मिळत नाही. आपल्या कामाची फारशी नाही.

सहावी पायरी: सातबारा हातचा सोडू नका

आपल्याकडे वृद्धाश्रमाचा विषय निघाला की चार दिवसांत जमिनीचा विषय निघतो. मावशीकडेही निघाला. थोरला पुतण्या म्हणाला, “काकू, आमच्या नावानं करून द्या, आम्ही फी भरतो.” त्याच्या मनात खोट होती असं मी म्हणणार नाही. तो खरोखर भरला असता, बहुतेक. पण बक्षीसपत्रावर अंगठा उठला की ‘बहुतेक’ला काही किंमत राहत नाही.

२००७ च्या कायद्याचं कलम २३ असं आहे: सांभाळ करण्याच्या अटीवर ज्येष्ठानं मालमत्ता दिली आणि घेणाऱ्यानं सांभाळ केला नाही, तर ते हस्तांतरण रद्द ठरवता येतं. पण ‘अटीवर’ हा शब्द महत्त्वाचा. सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २०२२ च्या एका निकालात म्हटलं की अशी अट होती हे दाखवावं लागतं. जानेवारी २०२५ च्या दुसऱ्या निकालात न्यायालयानं ज्येष्ठांच्या बाजूनं उदार अर्थ लावून आईनं मुलाला दिलेलं बक्षीसपत्र रद्द केलं, पण तिथंही मुलानं सांभाळाचं लिहून दिलेलं होतं. म्हणून द्यायचीच असेल जमीन, तर दस्तातच लिहा: अमुक माणसानं दरमहा वृद्धाश्रमाची फी, औषधं आणि दवाखाना हयातभर पाहायचा. दुय्यम निबंधकाकडे नोंदवताना ही ओळ आहे का, ते दोनदा वाचून घ्या.

त्यापेक्षा बरं म्हणजे मृत्युपत्र. जमीन हयातीत तिच्याच नावावर, बटईचे पैसे तिच्याच खात्यात. मावशीनं तेच केलं. पुतण्याला सांगितलं, “मी मेल्यावर तुमचंच हाय, आत्ता काय घाई?” तो हसला. बटई अजून तोच करतो.

सातवी पायरी: कुणी द्यायचं

२००७ च्याच कायद्यात ‘अपत्य’ म्हणजे मुलगा, मुलगी, नातू, नात, सज्ञान असलेले. लेकीचं लग्न झालं म्हणून तिची जबाबदारी सुटत नाही, आणि ‘ती दुसऱ्या घरची’ हे तिला वाट्यातून वगळायला जसं वापरतात तसं इथं चालत नाही. मूल नसलेल्या ज्येष्ठाच्या बाबतीत जबाबदारी त्या नातेवाइकावर, ज्याच्या ताब्यात त्याची मालमत्ता आहे किंवा ज्याला ती पुढे मिळणार आहे. नवऱ्याकडून आलेली जमीन निपुत्रिक विधवेमागे नवऱ्याच्या वारसांकडे जाते. म्हणजे मावशीच्या बाबतीत आम्ही भाचे नव्हे, पुतणेच. हे पुतण्यांना माहीत नव्हतं. मी भांडणात नाही, जेवताना सांगितलं. त्या दिवशीपासून तुटीतला त्यांचा हिस्सा वेळेवर यायला लागला.

नाहीच ऐकलं कुणी तर प्रांत कार्यालयात, म्हणजे उपविभागीय अधिकाऱ्याकडे, निर्वाह न्यायाधिकरण असतं. साध्या कागदावर अर्ज, वकील न लावता काम चालतं. आधी समेटाचा प्रयत्न होतो. नोटीस लागल्यापासून नव्वद दिवसांत निकाल द्यायचा असतो, अपवादानं तीस दिवस वाढतात. दरमहा जास्तीत जास्त दहा हजार मंजूर होतात. वृद्धाश्रमाचा निम्मा-अधिक खर्च त्यात निघतो, म्हणून दहा हजार कमी आहेत असं म्हणत बसू नका.

भावंडांत वाटा ठरवायचा तर समान वाट्याचा हट्ट नको. पुण्यातला भाऊ पैसे देऊ शकतो, येऊ शकत नाही. मी दर पंधरा दिवसांनी जातो. माझं जाणं-येणं आम्ही पैशात मोजत नाही, पण ते हिशेबाच्या वहीत एका ओळीत लिहिलेलं आहे. पुढे वाद झाला तर वही काढायला.

आठवी पायरी: कागद

प्रवेशाला आधार, रेशनकार्डाची प्रत, फोटो, अलीकडची वैद्यकीय तपासणी आणि जबाबदार म्हणून सही करणारे दोन नातेवाईक मागतात. दोघांपैकी एक त्याच शहरातला असावा, असा काही संस्थांचा आग्रह असतो. तो रास्त आहे.

करारात या गोष्टी लिहून घ्या: फीचे तिन्ही दर, वार्षिक वाढ, अनामत परतीची मुदत, सोडायचं असेल तर किती दिवस आधी सांगायचं, आणि संस्थेला ‘घेऊन जा’ म्हणायचं असेल तर ती किती दिवस आधी सांगेल. शेवटची अट बहुतेक छापील करारांत नसते. आम्ही पेनानं लिहून, दोन्हीकडच्या सह्या घेतल्या. व्यवस्थापक कुरकुरला आणि सही केली.

फी रोख देऊ नका. मावशीच्या बचत खात्यातून बँकेला स्थायी सूचना दिली आहे, पाच तारखेला आपोआप जाते. खात्याला माझं नाव जोडलेलं आहे. एटीएम कार्ड मात्र मावशीकडेच, तिच्या पिशवीत, हनुमान चालिसाच्या पुस्तकात. पिन तिला आठवत नाही, आणि ते बरंच आहे.

शेवटचं, जे बोलायला जड जातं

दवाखान्यात भरती करावं लागलं तर सोबत कोण राहणार, हे आधी ठरवा. संस्थेचा माणूस पहिले काही तास थांबतो, पुढे नातेवाइकानंच पाहायचं असा बहुतेक ठिकाणी नियम असतो. ट्रस्टच्या मोठ्या रुग्णालयांत निर्धन आणि दुर्बल घटकांसाठी दहा-दहा टक्के खाटा राखीव ठेवण्याचा नियम आहे. उत्पन्नाचा दाखला जवळ असेल तर भरतीच्या वेळीच तिथल्या समाजसेवकाला भेटा, बिल झाल्यावर नाही.

आणि माणूस गेल्यावर काय. कुणाला किती वाजता फोन करायचा, गावी न्यायचं की तिथंच, गाडीचा खर्च कोणी करायचा. मावशीच्या अर्जात याचा एक रकाना होता. तिनं स्वतः सांगितलं: गावीच, नदीकाठच्या आमच्या स्मशानात, आणि गाडीचे पैसे अनामतीतून. उरलेली अनामत कुणाला, असं लिपिकानं विचारलं. ती थोडा वेळ दोघा पुतण्यांकडे आणि आम्हा दोघांकडे बघत राहिली. मग म्हणाली, “इथल्या रात्रपाळीच्या बाईला द्या.” लिपिकानं विचारलं, असं लिहिता येतं का? नियमात बसत नव्हतं, वारसाचंच नाव लागतं. शेवटी माझं नाव लिहिलं, आणि मागच्या बाजूला पेन्सिलनं त्या बाईचं.